सरीसृप वर्ग: परीक्षार्थींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा विज्ञानाचा पेपर असो, अकरावीचे जीवशास्त्र असो की नीट, टीईटी, एमपीएससी. सरीसृपांची लक्षणे सगळ्यांना पाठ असतात. तरीही गुण जातात, कारण प्रश्न बहुतेक वेळा लक्षणावर नसतो, त्या लक्षणाच्या अपवादावर असतो. म्हणून खालच्या उत्तरांत यादीपेक्षा ‘असे का’ आणि ‘कोण सोडून’ या दोन गोष्टींवर जास्त भर आहे.

एखादा प्राणी सरीसृप आहे हे नेमके कशावरून ठरवायचे?

पाठीचा कणा, केराटिनच्या खवल्यांनी झाकलेली कोरडी त्वचा, जन्मापासून मरेपर्यंत फुप्फुसांनीच श्वसन आणि जमिनीवर तग धरणारे, आतून पटलांनी वेढलेले अंडे. या चार गोष्टी एकत्र दिसल्या आणि अंगावर पिसे किंवा केस नसले, की तो सरीसृप.

सरपटणे ही कसोटी नव्हे. गांडूळ सरपटते, पण त्याला कणाच नाही. उलट मगर घाईत असली की चारही पायांवर पोट उचलून चालते. पाल, सरडा, घोरपड यांचे पाय धडाच्या बाजूला बाहेर निघतात, त्यामुळे शरीर जमिनीलगत राहते आणि आपल्याला ते सरपटताना दिसतात. दहावीच्या उत्तरात ‘सरपटत चालतात’ जरूर लिहा, पण ते एकच लक्षण लिहून थांबू नका. डोके आणि धड यांच्यामध्ये मान असणे, बाह्यकर्ण नसणे, बोटांना नख्या असणे हे मुद्देही तिथे अपेक्षित असतात.

खवले माशालाही असतात. मग फरक काय?

माशाचे खवले त्वचेच्या आतल्या थरातून येतात आणि एकेक खवला सुटा असतो. सुरीने खरवडले की ते उडतात. सापाचा किंवा पालीचा खवला म्हणजे बाह्यत्वचेचीच केराटिनने कडक झालेली घडी. ती शेजारच्या घडीला जोडलेली असते, म्हणून सापाची कात अखंड निघते, पायमोजा उलटा काढावा तशी. डोळ्यावरचे पारदर्शक कवचही तिच्याबरोबर येते. पाल आणि सरडा कात तुकड्यातुकड्यांनी टाकतात, आणि पाल तर ती बऱ्याचदा खाऊनही टाकते. मगरीच्या पाठीवरच्या जाड पट्ट्यांखाली हाडाच्या चकत्या असतात.

खवले मांजर हा नेहमीचा सापळा. त्याचे खवलेही केराटिनचे असतात, पण ते सस्तन आहे. पिल्लांना दूध पाजते.

सरीसृपांच्या त्वचेत ग्रंथी जवळजवळ नसतात. बेडकाची ओलसर त्वचा श्वसनाला मदत करते, पण त्याच त्वचेतून पाणीही उडून जाते. सरीसृपांनी त्वचेतून होणारे श्वसन सोडले आणि शरीरातले पाणी राखले. पुढची बरीच लक्षणे या एका सौद्यातून समजतात.

‘शीतरक्ती’ म्हणजे रक्त थंड असते का?

नाही. दुपारच्या उन्हात बांधावर बसलेल्या सरड्याचे रक्त तुमच्या-आमच्याइतके किंवा त्याहूनही गरम असू शकते. अर्थ एवढाच, की शरीराचे तापमान टिकवण्यासाठी लागणारी उष्णता तो आतून तयार करत नाही, बाहेरून घेतो. सकाळी ऊन खायचे, फार तापले की सावलीत किंवा बिळात जायचे, थंडीत सुस्त पडायचे. मगर काठावर जबडा उघडा टाकून पडते तेही जास्तीची उष्णता घालवण्यासाठी असते असे मानतात.

या पद्धतीत अन्न खूप कमी लागते. म्हणूनच अजगर एका मोठ्या भक्ष्यावर कित्येक आठवडे काढतो आणि वाळवंटात सरडे भरपूर दिसतात.

अपवाद विचारला तर दोन नावे लक्षात ठेवा. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायू थरथरवते आणि त्या उष्णतेने अंडी उबवते. दुसरे लेदरबॅक हे समुद्री कासव. प्रचंड आकार आणि चरबीचा थर यांमुळे त्याचे शरीर थंड पाण्यातही सभोवतालापेक्षा बरेच उबदार राहते.

हृदयाचे कप्पे तीन, साडेतीन की चार?

बहुतेक सरीसृपांत तीन: दोन अलिंद आणि एक निलय. या निलयात एक अपुरा पडदा असतो, त्यावरून काही गाईड ‘साडेतीन’ लिहितात. पर्यायांत तीन असेल तर तीनवरच खूण करा. दीर्घोत्तरात मात्र ‘निलय अंशतः विभागलेले’ असे लिहा.

मगरीच्या गणात चार कप्पे पूर्ण असतात. ‘चार कप्प्यांचे हृदय असलेला सरीसृप’ विचारला तर मगर, सुसर, अ‍ॅलिगेटर यांपैकी जे नाव पर्यायांत असेल ते बरोबर. हृदयातून निघणाऱ्या दोन महाधमन्यांना जोडणारे एक छिद्रही मगरीत असते. त्याचे नाव पॅनिझाचे रंध्र. पाण्याखाली बुडी मारल्यावर श्वास बंद असतो, तेव्हा फुप्फुसांकडे रक्त पाठवण्यात अर्थ नसतो. अशा वेळी रक्ताचा मार्ग बदलण्याची सोय मगरीच्या हृदयात आहे. तीन कप्प्यांच्या हृदयातही ही लवचीकता आहेच, त्यामुळे त्याला ‘मागासलेले हृदय’ म्हणणे मला पटत नाही.

लाल रक्तपेशी अंडाकृती आणि केंद्रकयुक्त असतात. हा एका ओळीचा प्रश्न हमखास.

सरीसृपांच्या अंड्याला एवढे महत्त्व का दिले जाते?

या सगळ्या धड्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे. बेडूक जमिनीवर कितीही हिंडला तरी अंडी घालायला त्याला ओलावा शोधावा लागतो. त्याच्या अंड्याभोवती फक्त जेलीचा थर असतो, आणि डबके आटले की सारा खेळ संपतो. सरीसृपांच्या पूर्वजांनी डबकेच अंड्याच्या आत नेले.

अंड्यातील भ्रूणाभोवती चार पटले तयार होतात. अ‍ॅम्निऑन म्हणजे उल्ब. ते भ्रूणाला द्रवात तरंगत ठेवते. पीतक कोशात अन्न असते. अ‍ॅलँटॉइसमध्ये उत्सर्जित पदार्थ साठतात आणि त्यातल्या रक्तवाहिन्या वायूंची देवाणघेवाणही करतात. सर्वांत बाहेर कोरिऑन. ते कवचाला लागून असते आणि श्वसनात अ‍ॅलँटॉइसला साथ देते. सरीसृप, पक्षी आणि सस्तन या तिन्ही वर्गांत ही पटले असतात, म्हणून तिघांना मिळून उल्बी प्राणी म्हणतात. मासे आणि उभयचर अनुल्बी. ‘उल्ब प्रथम कोणत्या वर्गात दिसते’ याचे पारंपरिक उत्तर सरीसृप.

आता यातूनच दोन लक्षणे आपोआप निघतात, ती वेगळी पाठ करायची गरज नाही. कवच चढल्यानंतर शुक्रपेशी आत शिरू शकत नाही, त्यामुळे फलन आधीच, मादीच्या शरीरात व्हावे लागते: अंतःफलन. अंड्यात अन्न आणि पाणी पुरेसे असल्याने पिल्लू पूर्ण घडूनच बाहेर येते. बेडकासारखी डिंभ अवस्था नसते: प्रत्यक्ष विकास.

कवच सगळ्यांचे सारखे नसते. साप, समुद्री कासवे आणि बहुतेक सरडे यांच्या अंड्यांचे कवच चामड्यासारखे लवचीक असते. घरातल्या पालीची अंडी मात्र कडक कवचाची. कपाटामागे सापडणारी ती पांढरी, वाटाण्याएवढी दोन अंडी आठवा.

एक व्यवहारातली गोष्ट. कोंबडी आपली अंडी उबवताना फिरवत राहते. कासवाची अंडी तशी फिरवली तर भ्रूण मरू शकतो, कारण थोड्याच काळात तो कवचाच्या आतल्या बाजूला वर चिकटतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी संरक्षित जागेत हलवण्याचे काम चालते. अशी अंडी लवकरात लवकर आणि न उलटवता हलवावी लागतात ती याचसाठी.

म्हणजे सगळे सरीसृप अंडी घालतात?

नाही, आणि प्रश्न इथेच येतो. नाग, मण्यार, धामण, दिवड, अजगर अंडी घालतात. घोणस, फुरसे, चापडा, हरणटोळ, मांडूळ आणि डुरक्या घोणस पिल्ले देतात. बहुतेक समुद्री सापही पिल्लेच देतात, कारण अंडी घालायला त्यांना किनारा गाठता येत नाही. कासवे आणि मगरी मात्र सरसकट अंडी घालतात, त्यांत अपवाद नाही.

पिल्ले देणाऱ्या बहुतेक सापांत अंडी मादीच्या शरीरातच राहतात, तिथेच वाढतात आणि पिल्ले बाहेर येतात. याला अंडजरायुज म्हणतात. ‘घोणस सस्तन आहे का?’ असा प्रश्न कोणी विचारला तर हसू नका. पिल्ले देणे हे सस्तनांचे व्यवच्छेदक लक्षण नाही, दूध पाजणे आहे.

पिल्लू नर होणार की मादी, हे तापमानावर ठरते हे खरे का?

कासवांच्या बऱ्याच जातींत आणि सर्व मगरींत खरे आहे. समुद्री कासवांच्या घरट्यातली वाळू २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर दोन्ही लिंगांची पिल्ले निघतात, त्याहून उष्ण वाळूत माद्या आणि थंड वाळूत नर जास्त. मगरीत गणित वेगळे आहे: मधल्या तापमानाला नर, कमी आणि फार जास्त तापमानाला माद्या. न्यूझीलंडच्या टुआटारा या सरड्यासारख्या दिसणाऱ्या सरीसृपात पुन्हा उलटे, उष्णतेत नर. सापांमध्ये मात्र लिंग गुणसूत्रांवरच ठरते, आणि बहुतेक सापांत पक्ष्यांप्रमाणे मादीची गुणसूत्रे झेड-डब्ल्यू असतात.

पर्यावरणाच्या पेपरात हवामानबदलाशी हा मुद्दा जोडून विचारला जातो. वाळू तापत गेली तर कासवांची पिढी माद्यांकडे झुकेल, एवढे दोन वाक्यांत लिहिले तरी पुरते.

उत्सर्जनात युरिक आम्ल का?

पाणी वाचवायला. अमोनिया विषारी, तो पातळ करायला भरपूर पाणी हवे. युरियाला कमी, युरिक आम्लाला जवळजवळ नाहीच. भिंतीवरून पडलेल्या पालीच्या काळ्या विष्ठेच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, तेच युरिक आम्ल. पाण्यात राहणारी कासवे आणि मगरी अमोनिया किंवा युरियाही टाकतात, कारण त्यांना पाण्याची चणचण नसते.

वृक्क म्हणजे मूत्रपिंड पश्चवृक्क प्रकारचे. मूत्राशय कासवांत आणि अनेक सरड्यांत असते, सापांत आणि मगरींत नसते. विष्ठा, मूत्र आणि अंडी यांना बाहेर पडायला एकच वाट असते, ती म्हणजे अवस्कर. समुद्री कासवे जास्तीचे मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून काढतात, म्हणून अंडी घालताना ती रडत आहेत असे वाटते.

आजचे सरीसृप किती गणांत विभागतात?

चार. कासवे, मगरी, सरडे आणि साप मिळून एक, म्हणजे स्क्वामाटा, आणि ऱ्हिंकोसेफालिया, ज्यात टुआटारा हा एकटाच उरला आहे. सरीसृपांच्या बारा हजारांहून अधिक ज्ञात जातींपैकी पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक स्क्वामाटात येतात. टुआटारा दिसतो सरड्यासारखा, पण सरडा नव्हे. ‘जिवंत जीवाश्म’ विचारले की त्याचे नाव लिहा.

मगर, सुसर आणि अ‍ॅलिगेटर यांत गोंधळ होतो. काय करावे?

भारतात मगरीच्या गणातल्या तीन जाती आहेत: गोड्या पाण्यातली मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि लांब निमुळत्या जबड्याची, मासे खाणारी सुसर, म्हणजेच घडियाल. अ‍ॅलिगेटर भारतात रानात नाही; तो अमेरिकेत आणि चीनमध्ये आढळतो. जबडा मिटल्यावर खालचा चौथा दात बाहेर दिसला तर मगर, नाही दिसला तर अ‍ॅलिगेटर.

बोलीभाषेत मगरीलाही काही जण सुसर म्हणतात, त्यामुळे पेपरात जबड्याचे वर्णन वाचूनच उत्तर द्या. सांगलीजवळ कृष्णेत, चिपळूणला वाशिष्ठीत आणि गोव्यात कुंभारजुवे कालव्यात दिसते ती गोड्या पाण्यातली मगर. खाऱ्या पाण्यातल्या मगरीसाठी ओडिशातले भितरकनिका, घडियालसाठी चंबळ नदी. घडियाल अतिसंकटग्रस्त आहे. आज जिवंत असलेल्या सरीसृपांत आकाराने सर्वांत मोठी खाऱ्या पाण्यातली मगर.

सापाला कान नाहीत, मग तो ऐकतो कसा? आणि सारखी जीभ का काढतो?

बाह्यकर्ण नाही, कानाचा पडदाही नाही, पण आंतरकर्ण आहे. जमिनीची कंपने खालच्या जबड्यातून तिथे पोहोचतात. हवेतले कमी वारंवारतेचे आवाजही त्याला काही प्रमाणात जाणवतात, त्यामुळे ‘साप पूर्ण बहिरा’ हे विधान आता जसेच्या तसे लिहू नये. पुंगीवर डोलण्याचे कारण मात्र सूर नव्हे. समोर हलणाऱ्या वस्तूवर तो नजर ठेवत असतो.

जिभेची दोन टोके हवेतले गंधकण गोळा करतात आणि ते टाळूवरच्या जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोहोचवले जातात. घोरपडीचीही जीभ दुभंगलेली असते. चापड्याला याशिवाय डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता ओळखणारा खळगा असतो. अंधारात उंदराची ऊब त्याला कळते.

पापण्या नसणे, उरोस्थी नसणे, डावे फुप्फुस लहान किंवा नाममात्र असणे, खालच्या जबड्याच्या दोन बाजू लवचीक बंधाने जोडलेल्या असणे. ही सापाची उरलेली लक्षणे. अजगराच्या अवस्कराजवळ दोन नख्यांसारखे काटे दिसतात. ते मागच्या पायांचे अवशेष आहेत आणि अवशेषांगांच्या प्रश्नात उत्तम उदाहरण ठरतात.

पालीची शेपटी तुटल्यावर पुन्हा तशीच येते का?

येते, पण तशीच नाही. शेपटीच्या मणक्यांतच तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात. शत्रूने पकडली की स्नायू आकसून शेपटी सुटते आणि वळवळत राहते, तेवढ्यात पाल निसटते. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची एक दांडी असते. सगळ्या सरड्यांना हे जमत नाही. घोरपडीची शेपटी तुटली की तुटली.

पाल विषारी नाही. तिच्याकडे विषग्रंथीच नाहीत. जगात विषारी सरडा म्हणून विचारला जातो तो हेलोडर्मा, म्हणजे अमेरिकेतला गिला मॉन्स्टर आणि त्याचे भाईबंद. पाल भिंतीवर चालते ती चिकट द्रवामुळे किंवा पोकळी तयार करून नव्हे. बोटांखालच्या असंख्य सूक्ष्म केसांसारख्या तंतूंमध्ये आणि भिंतीमध्ये रेणूंची व्हॅन डर वाल्स आकर्षणे काम करतात. भौतिकशास्त्राच्या पेपरातही हा प्रश्न येऊ शकतो.

उभयचर आणि सरीसृप यांतला फरक कसा लिहावा?

त्वचा, अंडे, फलन, डिंभ अवस्था आणि नख्या यांनी सुरुवात करा, ते वर आलेच आहे. वरच्या वर्गासाठी दोन मुद्दे जोडा. कवटी मानेच्या मणक्याला जोडणारे गोलाकार उंचवटे उभयचरांत दोन, सरीसृपांत एक. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या जोड्या उभयचरांत दहा, सरीसृपांत बारा. (सस्तनांत उंचवटे पुन्हा दोन. इथे पुष्कळ जण चुकतात.)

उदाहरणांत सर्वांत फसवा प्राणी देवगांडूळ. पावसाळ्यात आंबोलीसारख्या ठिकाणी मातीत सापडतो, पाय नाहीत, लोक त्याला साप किंवा गांडूळ समजतात. तो उभयचर आहे. त्वचा ओलसर आणि ग्रंथीयुक्त असते. उलट सापसुरळी चकचकीत आणि गुळगुळीत दिसते, पाय आखूड, तरीही ती सरीसृपच. सॅलॅमँडर उभयचर, सरडा सरीसृप. वाम हा मासा.

विषारी सापांबद्दल किमान काय माहीत असावे?

भारतात माणसांना सर्वाधिक धोका असणारे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष मुख्यतः चेतासंस्थेवर, घोणस आणि फुरसे यांचे मुख्यतः रक्तावर परिणाम करते. घोड्यांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार करून बनवलेले आपल्याकडचे प्रतिविष या चौघांवर चालते. मुंबईतील हाफकिन संस्थेचे नाव प्रतिविषाच्या संदर्भात लक्षात असू द्या.

हे परीक्षेपुरते नाही, म्हणून जास्तीची एक ओळ: दंश झाल्यावर आवळून बांधणे, जखम चिरणे, विष चोखणे यांतले काहीही करू नये. तो अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठावे. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो आणि दुखतही नाही, त्यामुळे ‘काही झाले नाही’ म्हणून थांबणे जिवावर बेतते.

कवटीवरून केलेले वर्गीकरण येते का?

पदवी आणि सेट-नेटला येते, बाकीच्यांनी सोडले तरी चालेल. डोळ्यामागे छिद्र नसेल तर अ‍ॅनॅप्सिड, एक असेल तर सिनॅप्सिड, दोन असतील तर डायॅप्सिड. सरडे, साप, मगरी, टुआटारा आणि डायनोसॉर डायॅप्सिड. सिनॅप्सिड शाखेतून सस्तन आले. कासवांना जुन्या पुस्तकांत अ‍ॅनॅप्सिड लिहितात, पण जनुकीय पुरावे त्यांना मगरी आणि पक्ष्यांच्या जवळ नेतात.

डायनोसॉर आणि जीवाश्मांवर काय विचारतात?

मध्यजीव महाकल्प, सुमारे २५.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ, हे सरीसृपांचे युग. भारतातली नावे विचारतात: नर्मदा खोऱ्यातला मांसाहारी राजासॉरस आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा शाकाहारी इसिसॉरस. चालू घडामोडींसाठी वासुकी इंडिकस. कच्छमधल्या पानंध्रो लिग्नाइट खाणीत मिळालेल्या मणक्यांवरून २०२४ मध्ये या सापाचे वर्णन झाले. काळ सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा, लांबीचा अंदाज ११ ते १५ मीटर. म्हणजे तो डायनोसॉरांच्या काळातला नाही, त्यांच्यानंतरचा आहे.

पक्षी हे सरीसृपच आहेत असे लिहिले तर गुण मिळतील का?

शालेय आणि स्पर्धा परीक्षांत नाही. तिथे सरीसृप आणि पक्षी हे दोन वेगळे वर्ग आहेत आणि तसेच लिहायचे. जीवशास्त्र म्हणून विचाराल तर मगरीचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक सरडे नसून पक्षी आहेत, आणि पक्षी डायनोसॉरांच्याच एका शाखेतून आले. उत्क्रांतीवर दीर्घोत्तर आले तर हे जरूर मांडा आणि पुरावे म्हणून मगरीचे चार कप्प्यांचे हृदय, पिल्लांची काळजी, कवटीचा एकच उंचवटा आणि पक्ष्यांच्या पायांवरचे खवले यांचा उल्लेख करा. बहुपर्यायी प्रश्नात मात्र पुस्तकातलेच वर्ग धरून खूण करा.